चोयाच्या रानात हद्दी मोजताना: टूसॉनच्या वाळवंटातली वही, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२१

वाळवंटातले गाणारे पक्षी हद्द कशावरून निवडतात आणि गायला नेमक्या कुठल्या शेंड्यावर बसतात, हे स्वतः मोजून बघायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडतील. पक्षी वेगवेगळे ओळखायला त्यांच्या पायात रिंग घालायची तर इथे, अमेरिकेत, केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही, त्यामुळे इथलं सगळं दुर्बीण, वही आणि चालण्याच्या जोरावर केलेलं आहे.

जागा: ॲरिझोनात टूसॉन शहराच्या पश्चिमेला असलेल्या डोंगररांगेचा पलीकडचा उतार. साधारण १२ हेक्टरचा तुकडा. वरच्या अंगाला खांबासारखे उंच सवारो निवडुंग आणि पालो वर्देची झाडं, मधे चोया निवडुंगाची बेटं, खालच्या अंगाला मेस्कीटच्या झाडीतून जाणारा कोरडा ओढा. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, तोही दोन हप्त्यांत: थोडा हिवाळ्यात रिमझिम, साधारण निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये धो धो. २०२० चा उन्हाळी पाऊस टूसॉनच्या नोंदींतला दुसऱ्या क्रमांकाचा कोरडा ठरला. म्हणजे मी सुरुवात केली तीच तहानलेल्या रानात.

६ फेब्रुवारी

आखणी. ५० मीटरचे चौकोन, प्रत्येक कोपऱ्यावर तारेची झेंडी. झेंड्या गुलाबी घ्या. पिवळ्या घेतल्या होत्या, त्या ब्रिटलबुश हे पिवळ्या फुलांचं झुडूप फुलल्यावर दिसेनाशा झाल्या असत्या. शंभराचा गठ्ठा बारा डॉलरला. अंतर मोजायचं लेझर यंत्र जुन्या बाजारात नव्वदला मिळालं. मोजपट्टी मात्र पहिल्या तासातच कापडात गुंडाळून बॅगेत गेली, कारण ती चोयामधून ओढली की प्रत्येक वेळी चार-पाच काटेरी तुकडे घेऊनच परत येते.

चोयाचा तुकडा बुटाला, पोटरीला, हाताला चिकटतो आणि हाताने काढायला गेलं की दुसऱ्या हाताला चिकटतो. जाड दातांचा कंगवा खिशात ठेवा. काट्यांखाली कंगवा सरकवायचा आणि अंगापासून लांब झटकायचा. उरलेल्या काट्यांसाठी छोटी पक्कड. या दोन वस्तू दुर्बिणीइतक्याच गरजेच्या आहेत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

ओढ्याकाठी फेनोपेपला. नर चकचकीत काळा, डोक्यावर तुरा, डोळा लाल, उडाला की पंखात पांढरा पट्टा. माझी पद्धत अशी ठरली होती की गाणं ऐकू आलं की नकाशावर ठिपका. हा पक्षी त्या पद्धतीला दादच देत नाही. गातो कमी, तेही हळू. दिवसभर शेंड्यावर बसून मधूनमधून एक खालचा, प्रश्न विचारल्यासारखा सूर काढतो, एवढंच. सकाळभर उभं राहून ओढ्याच्या पट्ट्यात जेमतेम काही ठिपके आले.

दुपारी बसून काय दिसलं ते परत वाचलं. नर ज्या मेस्कीटवर बसतो, त्या प्रत्येकावर बांडगूळ आहे, लाल फळांनी भरलेलं. मॉकिंगबर्ड हा दुसरा पक्षी त्या फळांकडे वळला की हा शेंड्यावरून थेट अंगावर जातो. तो शेंडा त्याला गाण्यासाठी नकोच आहे, पहाऱ्यासाठी हवा आहे.

उलटं करून बघायचं ठरवलं: आधी बांडगूळ असलेली सगळी झाडं नकाशावर टाकायची, मग पक्षी.

१५ फेब्रुवारी

बांडगुळाची झाडं टाकली. हद्दी आपोआप उमटल्या. भरगच्च बांडगूळ असलेल्या झाडांभोवती छोट्या, आवळलेल्या हद्दी, आणि वाळलेलं किंवा फळ नसलेलं बांडगूळ असलेली झाडं बिनवारशी. हे वाळलेलं बांडगूळ इतकं का, याला उत्तर बहुधा गेल्या वर्षीचा पाऊस. एका जोडीचं घरटं थेट बांडगुळाच्या झुबक्यातच आहे, म्हणजे कोठार आणि घर एकाच फांदीवर. बांधकाम जवळजवळ सगळं नरच करतोय.

२८ फेब्रुवारी

कॅक्टस रेन, ॲरिझोनाचा १९३१ पासूनचा राज्यपक्षी. आवाज सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीसारखा. जोडी वर्षभर त्याच हद्दीत राहते, घरटी चोयामध्ये, साधारण कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, आडव्या सुरईच्या आकाराची, एका बाजूने बोगद्यासारखं तोंड.

वाटलं होतं हे सोपं. घरटी मोजायची, झाल्या हद्दी. चोयाच्या बेटात घरटी मोजली तर इतकी निघाली की त्या हिशेबाने तिथे रेनची वसाहतच असायला हवी. भानगड अशी की हा पक्षी फक्त अंड्यांसाठी घरटं बांधत नाही, झोपायलाही बांधतो. नराचं वेगळं, मादीचं वेगळं, मादी अंड्यांवर बसली की नर आणखी एक-दोन बांधत राहतो, आणि गेल्या वर्षीची पडीक घरटी चोयाच्या काट्यांत तशीच टिकून असतात.

उपाय एकच सापडला: सूर्य मावळताना एका जागी उभं राहायचं आणि कोण कुठल्या घरट्यात शिरतो ते लिहायचं. यात वेळ फार जातो. एका संध्याकाळी एकच बेट उरकतं आणि अंधारात चोयामधून परत यावं लागतं. पण घरटी मोजून केलेल्या नकाशापेक्षा यातून आलेला नकाशा निम्म्याहून विरळ आहे, आणि खरा आहे.

१३ मार्च

आतापर्यंतचे ठिपके एकत्र टाकले. चित्र फारच देखणं आलं: सगळे गाणारे पक्षी उंच सवारोच्या टोकांवर, आणि तेही माझ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना. देखणं म्हणूनच संशय आला. आठ मीटर उंच खांबावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेला पक्षी कुणालाही दिसतो. गुडघाभर झुडपावरचा दिसत नाही, आणि वाटेपासून लांबचा ऐकूही येत नाही. नकाशा पक्ष्यांचा नव्हता, माझ्या नजरेचा होता.

बदल दोन. पहिला, दर वेळी वाट वेगळी आणि सुरुवातीचं टोकही वेगळं. दुसरा महत्त्वाचा: गाणारा पक्षी सापडला की तो बसलाय त्या शेंड्याची उंची लिहायची आणि त्याच्यापासून पंचवीस पावलांच्या आतलं सगळ्यात उंच झाड कुठलं, तेही लिहायचं. नुसतं ‘सवारोवर बसतो’ याला अर्थ नाही. सगळीकडे सवारोच असेल तर तो दुसरं करणार काय? हातात काय होतं आणि त्यातून काय घेतलं, हे शेजारी शेजारी असलं तरच निवड दिसते. जुने ठिपके शेंड्याच्या प्रश्नासाठी बाद.

२१ मार्च

आई आता रोज सोबत येते. महिनाभरापूर्वी आली, माण तालुक्यातली, कोरडं रान तिला नवीन नाही. तिला घडीची खुर्ची, टोपी, पाण्याची बाटली आणि एक वही देऊन चोयाच्या बेटाच्या कडेला बसवते. मी चालते, ती बसते. बसणाऱ्याला जास्त दिसतं, हे दोन सकाळींत सिद्ध झालं.

आजचा विषय काळ्या गळ्याची स्पॅरो: करडी, गळा कोळशासारखा काळा, डोळ्याच्या वर आणि गालावर पांढरी ठळक रेघ. शेजारच्या दोन नरांची हद्द कुठे बदलते हे कळायचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे दोघं एकाच वेळी गाताना ऐकणं. एकच पक्षी दोन जागी गाऊ शकत नाही. नकाशावर अशा दोन ठिपक्यांमध्ये तुटक रेघ मारायची, हद्द त्या रेघेला कुठेतरी छेदते. एकट्या माणसाला हे फार वेळा साधत नाही, कारण दुसऱ्याचा आवाज झुडपाआड विरतो. दोन जागी दोन माणसं असली की काम भराभर होतं. घड्याळं जुळवून घ्या आणि मिनिटासह वेळ लिहा.

आईच्या वहीत मराठी महिना, तिथी आणि वेळ. वेळ बरोबर असली म्हणजे झालं.

“अगं, तो चिटका बघ,” ती म्हणाली, “त्या वाळक्या झुडपाच्या पलीकडं गेला की गप बसतोय. अलीकडं आला की पुन्हा सुरू.” ते वाळकं झुडूप म्हणजे एक साधं क्रिओसोट, त्यावर खूण म्हणावं असं काहीही नाही. पुढच्या काही सकाळी तुटक रेघा त्याच्याच आसपास जमल्या.

२७ मार्च

बसलेला शेंडा आणि जवळचं सगळ्यात उंच झाड, अशा नोंदींच्या जोड्या पुरेशा झाल्या, काय दिसतंय ते लिहिते. थ्रॅशर (वाकड्या चोचीचा, नारिंगी डोळ्याचा) हाताशी असलेलं सगळ्यात उंच टोक घेतो, जवळजवळ दर वेळी. कॅक्टस रेन चोयाच्या किंवा पालो वर्देच्या टोकावर समाधानी, सवारो जवळ असला तर तोही चालतो. काळ्या गळ्याची स्पॅरो मात्र सवारो पंधरा पावलांवर उभा असताना माणसाच्या उंचीच्या झुडपावर चढून गाते. शेंड्यावरच, आतल्या फांदीवर नाही, पण बुटक्या झाडाच्या शेंड्यावर.

का, याबद्दल माझा अंदाज असा: तिचं चरणं जमिनीवर, घरटं गुडघ्याच्या खाली झुडपात. कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी आला की एका उडीत झुडपात घुसता आलं पाहिजे. सवारोच्या टोकावरून खाली यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती उघडी असते. हॉक इथे रोज फेरी मारतो, त्याची वेळसुद्धा आता आम्हाला पाठ आहे.

४ एप्रिल

थ्रॅशर आणि रेन एकाच चोयासाठी भांडतात. थ्रॅशरचंही घरटं चोयातच, उघड्या वाटीसारखं. आज सकाळी एक थ्रॅशर रेनच्या झोपायच्या घरट्यावर चढून गवत उपसून फेकत होता. ओढ चोचीने, टाक खाली. रेनची जोडी दोन हातांच्या अंतरावर बसून कलकलाट करत होती, अंगावर गेली नाही. अर्ध्या तासात घरट्याचं छप्पर गेलं.

या तुकड्यात दोघांच्या हद्दी एकमेकांवर पसरलेल्या आहेत. वेगळ्या जातीच्या हद्दी एकावर एक येतात म्हणून प्रत्येक जातीचा कागद वेगळा ठेवा, मागून उजेड धरून एकमेकांवर टाका. मी पारदर्शक कागद वापरला. संगणकावर करता येतं हे माहीत आहे. रानात उभं राहून करता येत नाही.

१८ एप्रिल

रेनच्या घरट्यांच्या तोंडांच्या दिशा. टूसॉनजवळ १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अशी: थंडी असताना बांधलेल्या घरट्यांची तोंडं वाऱ्याकडे पाठ करून असतात, उन्हाळा तापल्यावर बांधलेल्यांची वाऱ्याकडे वळलेली असतात. आधी गारठा चुकवायचा, मग वारा आत घ्यायचा. ते इथे दिसतं का बघायचं होतं.

माझ्या फोनमधलं होकायंत्र आणि साधं हातातलं होकायंत्र यांचं जुळेना. दर वेळी तोच फरक, सुमारे ९ अंश. फोन खरी उत्तर दिशा (ध्रुवाची) दाखवत होता, सुई चुंबकीय उत्तर. टूसॉनमध्ये या दोन उत्तरांत तेवढं अंतर आहेच. एकच साधन ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा की कुठली उत्तर. माझे फेब्रुवारीतले आकडे कुठल्या यंत्राचे हे नीट लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या घरट्यांपर्यंत पुन्हा चोयामधून जावं लागलं. दोन सकाळी आणि एक पँट खर्ची.

२ मे

फेनोपेपला गेले. गेल्या आठवड्यापर्यंत ओढ्यावर होते, आज एकही नाही. बांडगुळावर फळं संपत आलीत आणि दुपार ३८ अंशांच्या वर. हे पक्षी वाळवंटात एकदा पिल्लं काढून वर डोंगरातल्या ओकच्या रानात जातात आणि तिथे पुन्हा वीण करतात. तेच पक्षी दोन्हीकडे वीण करतात हे अलीकडे जीपीएस टॅग लावून दाखवलं गेलंय. गंमत अशी की इथे एकेका झाडासाठी भांडणारा हा नर तिकडे इतरांच्या शेजारी, जवळजवळ वस्ती करून राहतो. फळांचं कोठार राखायचं असेल तर हद्द, नसेल तर शेजार.

काळ्या गळ्याच्या स्पॅरोंबद्दल वेगळं दुःख. नर मार्चपासून गातायत, हद्दी ठरल्यात, शेंडेही पक्के आहेत, पण घरटी फारच थोडी. हिवाळ्याचा पाऊस नीट झाला नाही, गवताला बी नाही, किडे कमी. नुसत्या गाण्यावरून ‘इथे इतक्या जोड्यांची वीण’ असं लिहिलं असतं तर साफ खोटं ठरलं असतं. चोचीत किडा घेऊन जाणारा पक्षी दिसल्याशिवाय मी आता ‘वीण’ हा शब्द वहीत लिहीत नाही.

भारतातल्या बातम्या वाईट आहेत. आईचं परतीचं तिकीट पुढे ढकललं.

१९ जून

आठवडाभर पारा ४३ च्या वर. सूर्य सव्वापाचला उगवतो, सात वाजता काम थांबवावं लागतं. पक्षीही तेच करतात, सावलीत चोच उघडी टाकून बसतात. थ्रॅशर फक्त पहाटे गातो. या पंधरवड्यातल्या नोंदी वर्षाच्या इतर नोंदींशी तुलना करू नका. आईला घरी ठेवलं.

११ जुलै

पाऊस! महिन्याच्या सुरुवातीपासून येतोय, संध्याकाळी ढग डोंगरावरून उतरतात आणि अर्ध्या तासात सगळं वाहून नेतात. इथले हवामानवाले १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मॉन्सूनचा धरतात, आईला ते ऐकून जाम हसू आलं होतं. पहिली सर आल्यावर ती अंगणात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हं, हा बाकी आपल्यासारखा.”

तुकड्याच्या खालच्या टोकाला, मेस्कीट आणि गवत मिसळतं तिथे, रूफस-विंग्ड स्पॅरो. १८७२ मध्ये हा पक्षी विज्ञानाला पहिल्यांदा इथेच, टूसॉनजवळ सापडला. तो वसंतातही इथेच होता, अधूनमधून गातही होता, मी त्याला हद्दीच्या कागदावर घेतलंच नव्हतं. पाऊस पडल्यावर काही दिवसांतच गाणं दुप्पट-तिप्पट झालं आणि मादी चोचीत गवताची काडी घेऊन फिरताना दिसली. त्याची वीण पावसाला बांधलेली आहे. शरीर आधीच तयार होऊन बसतं, सुरुवात मात्र पाणी करतं. मार्च ते मे मोजून घरी जाणाऱ्याला हा पक्षी इथे वीण करतो हे कळणारही नाही. म्हणून अशा रानात दोन मोसम मोजा: एक थंडी संपताना, दुसरा पाऊस आल्यावर.

शेंडा कुठला? मेस्कीटचा मधला, दीड-दोन मीटरवरचा, बऱ्याचदा टोकाच्या जरा खाली. सवारोकडे ढुंकून नाही.

१८ जुलै

वरच्या उतारावर स्वयंसेवकांचा गट पहारीने गवत उपटत होता. आई थांबून बघत राहिली. “हे तर अंजन. जनावरांना घालतात. हे कशाला उपटतायत?”

ओळखलं बरोबर. आपल्याकडचं अंजन गवत, इथलं बफलग्रास. गुरांच्या चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवायला मुद्दाम आणलं गेलं आणि मग सुटलं. मूळच्या या रानात झाडाझुडपांच्या मधे उघडी जमीन असते, म्हणून आग पसरत नाही. अंजन ती उघडी जमीन भरून टाकतं, वाळतं आणि पेटतं. सवारो, पालो वर्दे यांना आगीची सवय नाही, ते मरतात. शेंडे जातात, बांडगुळाची झाडं जातात. जमिनीवर चरणाऱ्या काळ्या गळ्याच्या स्पॅरोला अंजनाच्या दाट ठोंबांतून पळायलाही जागा उरत नाही. माझ्या नकाशावर वरच्या कोपऱ्यात जिथे अंजन दाट आहे, तिथे तिचा एकही ठिपका नाही. मी तो कोपरा आतापर्यंत ‘रिकामा, कारण माहीत नाही’ असा लिहून ठेवला होता.

आईने दोन ठोंब उपटून दिले. मुळासकट निघालं पाहिजे, नुसतं कापून उपयोग नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

२५ जुलै

ओढा दुथडी भरून गेला. खालच्या ओळीच्या बहुतेक झेंड्या गेल्या. पुढच्या वेळी ओढ्याच्या पात्रात झेंडी नाही, दोन्ही काठांच्या झाडांना फीत. टूसॉनच्या नोंदींतला सगळ्यात ओला महिना म्हणून हा जुलै लिहिला जाईल असं दिसतंय, आठ इंचांच्या घरात गेलाय.

८ ऑगस्ट

सगळे पारदर्शक कागद एकावर एक ठेवून बघितले. थ्रॅशर सोडला तर एकाही जातीची हद्द सगळ्यात उंच शेंड्याभोवती रचलेली नाही. फेनोपेपला बांडगुळाभोवती, रेन चोयाभोवती, काळ्या गळ्याची स्पॅरो उघडी जमीन आणि बुटकी झुडपं मिसळतात तिथे, रूफस-विंग्ड गवत आणि मेस्कीटच्या सांध्यावर. शेंडा त्या हद्दीच्या आत जो मिळेल त्यातून घेतलेला. थ्रॅशरचंही मला पटत नाही: उंच सवारो जिथे आहेत तिथेच चोयाही दाट आहे, त्यामुळे तो सवारोसाठी आला की चोयासाठी, हे या तुकड्यावर वेगळं काढता येत नाही. त्यासाठी चोया आहे पण सवारो नाही अशी जागा हवी. पूर्वेकडे, दरीच्या पलीकडे तशी एक बघून ठेवली आहे, फेब्रुवारीत तिथे आखणी.

खर्च: लेझर यंत्र ९०, झेंड्या दोन गठ्ठे २४, खुर्ची १८, पारदर्शक कागद ११, पँट ३५ डॉलर. पेट्रोल यात धरलेलं नाही. आई पुढच्या आठवड्यात निघते आहे. तिची वही मी ठेवून घेतली, कारण तिथीवरून तारखा लावायचं काम अजून बाकी आहे.